कौल लावू नका, वाचा: बायबल नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीत दर वर्षी एकदोघं तरी एक जानेवारीला नवं बायबल उघडतात, पहिल्या पानापासून धडाक्यात वाचायला लागतात आणि होळीच्या आत थांबतात. विचारलं की मान खाली. "काकू, त्या लेवीयच्या पुस्तकात अडकलो." अडकणारच. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या भरात निघून जातात, निर्गमाचे पहिले वीस तर सिनेमासारखे पळतात. मग तंबूची मापं, पडद्यांच्या कड्या, यज्ञाचे नियम, कातडीवरचे डाग तपासायची रीत. दिवसभर निंदण करून आलेल्या माणसाने रात्री ते काय म्हणून वाचावं?

दोष वाचणाऱ्याचा नाही. बायबल म्हणजे एक पुस्तक नसून पुस्तकांची पेटी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. पेटीतून कुठलं पुस्तक आधी काढायचं, हा खरा प्रश्न.

मी पाळक (मंडळीची धर्मगुरू) नाही. दहावी झालेली, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली, पाच एकर कोरडवाहूची मालकीण (सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं आहे, ते सोडा). वीसेक वर्षं रोज थोडं वाचते. खाली लिहिलंय त्यातलं बरंच चुकून शिकलेलं आहे, आणि एक चूक तर चांगलीच महागात पडली. ती पुढे सांगते.

आधी पुस्तक

मंडळीत वाचलं जातं ते बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र'. भाषा थोडी जुनी, भारदस्त. पाठ करायला ती चांगली, कारण तिला ठेका आहे. पण शाळा मध्येच सुटलेल्या माणसाला ती जड जाते. त्याने सोप्या मराठीतली आवृत्ती घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते पुस्तक छापून पूर्ण झालं. एवढी विद्वान बाई सोप्या शब्दांसाठी वर्षानुवर्षं झिजली, मग आपण अवघड शब्दांचा मोठेपणा कशाला मिरवायचा?

अक्षर मोठं घ्या. ही गोष्ट लोक विसरतात. चाळिशीनंतर बारीक टायपाचं बायबल म्हणजे कपाटात ठेवायचं बायबल.

मोबाइलवर फुकट अ‍ॅप आहेत, त्यात मराठी वाचनही आहे आणि ऐकायची सोयही. ऐकणं म्हणजे दुय्यम वाचणं असं काही नाही. पौलाची पत्रं पहिल्यांदा मंडळ्यांमध्ये पोचली तेव्हा एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. फोनची एकच खोड: वचन उघडायला घेतला तो फोन अर्ध्या तासाने बाजारभावाच्या ग्रुपवर सापडतो. म्हणून घरात पुस्तक आणि वावरात फोन, असा माझा हिशेब.

सोबत एक शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेनाने बायबलात खुणा करू नका, पातळ कागदावर शाई मागे उमटते.

वेळ कोणती

पुस्तकांत लिहिलेलं असतं, पहाटे, शांत वेळी, एकांतात. ते लिहिणाऱ्याच्या घरी नळ येत असावा. आमच्याकडे पहाटे पाणी, सडा, गोठा, भाकरी आणि सोयाबीनच्या दिवसांत सातला मजुरांची गाडी. मी पहिली चार वर्षं पहाटेचा हट्ट धरला आणि चार वर्षं अपराधी वाटून घेतलं. मग दुपारी जेवणानंतर धुऱ्यावरच्या निंबाखाली वाचायला लागले, तेव्हा कुठे ते टिकलं.

तुमच्या दिवसात जी वेळ आधीच ठरलेली आहे तिला वाचन बांधा. चहानंतर, दूध घातल्यावर, मुलं शाळेत गेल्यावर. 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलं तर वेळ मिळत नाही, हे सांगायला बायबल लागत नाही. पंधरा मिनिटं पुरतात.

आमच्या घरी यांचं वाचन वेगळं चालतं. तूर आणि चणा भरायला लागला की रानडुकरांसाठी जागलीला जावं लागतं. रात्रभर मचाणावर, मधूनमधून हाकारे द्यायचे. यांना वाचायचा कंटाळा, म्हणून मी फोनवर स्तोत्रं लावून दिली. एका सकाळी घरी आल्या आल्या म्हणाले, "ते एकशे तीस नंबरचं स्तोत्र लिहिणारा जागलीला गेलेला होता." त्या स्तोत्रात आहे, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची जास्त वाट पाहतो. आणि पहारेकऱ्यांची ती ओळ लगेच दुसऱ्यांदा येते. मला ते नुसतं काव्य वाटायचं. हे म्हणाले, "तीन वाजता माणूस दोनदाच म्हणते. एकदा म्हटल्यानं उजाडत नाही." वीस वर्षांत मी ते स्तोत्र किती वेळा वाचलं असेल, पण मला नव्हतं दिसलं.

कुठून सुरू करायचं

मार्कापासून. नव्या करारातलं दुसरं पुस्तक, चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात लहान. १६ अध्याय. रोज एक वाचला तर सोळा दिवसांत येशूची पूर्ण गोष्ट हातात येते. मार्काला घाई असते, 'लगेच', 'तत्काळ' असे शब्द पानोपानी. कामाच्या माणसाला ते बरं पडतं.

त्यानंतर रूथ. चारच अध्याय. दुष्काळाने गाव सोडलेलं कुटुंब, परक्या मुलखात तिघी विधवा, त्यातली सासू नामी आणि एक सून परत येतात, आणि सून लोकांच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरते. आपल्याकडल्या बाईला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. आणि गंमत बघा, कापणी करताना शेताच्या कडा सोडा, पडलेली कणसं गरिबांसाठी राहू द्या, हा नियम रूथला जगवतो, आणि तो नियम आहे त्याच लेवीयच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात. म्हणून लेवीय टाकून देऊ नका, फक्त त्याच्यापाशी नंतर जा.

मग योहानाचं शुभवर्तमान, २१ अध्याय. मग उत्पत्ती. स्तोत्रं मात्र पहिल्या दिवसापासून बाजूला चालू ठेवा, रोज एक. ती १५० आहेत, म्हणजे पाच महिने. सगळी सारखी नाहीत: ११७ वं दोन ओव्यांचं आणि त्यानंतर एकच स्तोत्र सोडून येणारं ११९ वं १७६ ओव्यांचं. ते आठवडाभर पुरवा. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, म्हणून काही जण तारखेप्रमाणे वाचतात, आज सतरा तारीख तर सतरावा अध्याय. हिशेब ठेवायची कटकट नाही. अख्खं बायबल वर्षात संपवायचं तर १,१८९ अध्याय, रोज तीन-सव्वातीन. ते पहिल्या वर्षी मुळीच करू नका.

कॅथलिक घरातले असाल तर मिस्साच्या वाचनांचं कॅलेंडर तुमच्यासाठी तयारच आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, आठवड्याच्या दिवसांची दोन वर्षांनी. तीच वाचा. निवडायची झंझट नाही आणि त्याच दिवशी तेच वचन दुसऱ्या गावातही कुणी वाचतंय, हे वेगळंच.

आणि फक्त एकच आठवडा देऊन बघतो म्हणणाऱ्याने मत्तय पाच, सहा, सात हे तीन अध्याय आलटूनपालटून वाचावे. डोंगरावरचं प्रवचन. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते, डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो वाचायचा म्हणून वाचला, आणि या तीन अध्यायांपाशी त्यांचं पाऊल थबकलं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पत्ता कसा वाचायचा तेही सांगते, कारण विचारायला लोक लाजतात. मार्क ४:२६ म्हणजे मार्क, चौथा अध्याय, सव्विसावी ओवी. योहानाच्या नावाआधी आकडा असेल, जसं १ योहान, तर ते पत्र आहे, शुभवर्तमान नाही. हे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या करारातल्या ओव्यांचे आजचे आकडे १५५१ साली छापले गेले. त्यामुळे कधी कधी अध्याय भलत्याच जागी तुटतो. गोष्ट संपेपर्यंत वाचा, आकडा संपेपर्यंत नाही.

वाचायचं कसं

मोठ्याने. निदान ओठ हलले पाहिजेत. मनात वाचलं की डोळे पळतात.

आधी दोन ओळींची प्रार्थना: प्रभू, मला कळू दे, आणि कळलं ते करू दे. मग अध्याय एकदा सरळ वाचायचा. मग त्यातला जो तुकडा मनात रुतला तेवढाच पुन्हा. आणि वहीत तीन गोष्टी. इथे काय घडलं? देव कसा आहे, हे यातून काय दिसलं? आज माझ्यासाठी यात काय? तिसऱ्याचं उत्तर रोज मिळत नाही. नाही मिळालं तर रेघ मारा. ओढूनताणून अर्थ काढायची सवय लागली की माणूस वचन वाचत नाही, वचनाच्या आरशात स्वतःचंच तोंड बघत राहतो.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. मार्क ४:२६ ते २९. चार ओव्यांची गोष्ट आहे, मार्काशिवाय कुणी लिहिलेली नाही. एक माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी पातं, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पिकल्यावर तो विळा घालतो.

माझी नोंद अशी: "घडलं काय: माणसानं पेरलं, झोपला, कापलं. मधलं त्याचं नाही. देव कसा: मधलं काम करतो, सांगत नाही. माझ्यासाठी: ह्यानं डवरणी केली नाही का? खत? निंदण? येशू सुतार होता म्हणून विसरला का? —"

त्या दिवशी तिसऱ्यापुढे प्रश्नच होता. पुढच्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा आली तेव्हा मी खाली लिहिलं: "विसरला नाही. तो माणूस रोज उठतो असं लिहिलंय. उठून काय करतो ते सांगायची गरज नाही, शेतकऱ्याला माहीत आहे. रुजवणं मात्र त्याच्याकडे नाही." दोन नोंदींत तेरा महिन्यांचं अंतर. म्हणून म्हणते, वही ठेवा. तुम्हालाच तुमचं उत्तर नंतर देता येतं.

त्याच अध्यायात वरती पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत. आपल्या पोरांना तो माणूस येडा वाटतो, एवढं बियाणं वाया घालवतो! त्यांना सांगावं लागतं की तिकडे हाताने फोकून पेरायचे. तिफणीमागे सरत्याने दाणा सोडणारी बाई त्या गोष्टीत नाही. असं लहानसं काही कळलं की गोष्ट एकदम जवळ येते. पाळकांना विचारत जा. नाही कळलं तिथे पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह करा. माझ्या बायबलात चारशेच्या वर असतील, निम्मी अजून तशीच आहेत.

आता ती महागात पडलेली चूक

आपल्याकडे कौल लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, आम्ही तसलं काही करत नाही. आणि मग डोळे मिटून बायबल उघडतो, बोट ठेवतो आणि बोटाखाली आलेली ओवी म्हणजे देवाने दिलेलं उत्तर समजतो. कौलच की तो.

मीही लावला. मृग लागून दोन दिवस झाले होते, एक दमदार पाऊस पडून गेला होता. शेजारच्या वावरात टोबणी सुरू झाली. हे म्हणत होते, थांबू. मी रात्री प्रार्थना केली, बायबल उघडलं, बोट ठेवलं. योएल २:२३. सियोनकरांनो आनंद करा, परमेश्वर तुम्हाला पहिला पाऊस देतो, पूर्वीसारखा पहिला आणि शेवटचा पाऊस देतो. आणखी काय पाहिजे? मला रडू आलं आनंदाने. सकाळी मीच सगळ्यांच्या मागे लागले आणि तीन एकर पऱ्हाटी (कपाशी) टोबून टाकली.

पाऊस जो गेला तो अठरा दिवस आलाच नाही. अंकुर वर आले, वाळले. दुबार पेरणी. बियाण्याच्या पाकिटांसाठी बचत गटातून उचल घेतली, ती दिवाळीनंतरही फिटत होती.

मी देवावर रुसले. दहाबारा दिवस बायबल उघडलं नाही. एका संध्याकाळी मी बोलले, "देवानं असं कसं फसवलं?" हे बैलांना कुटार टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "देवानं नाही म्हटलं पेर म्हनून. तुया बोटानं म्हटलं."

मग मी योएल सुरुवातीपासून वाचला. तीनच अध्याय आहेत. टोळधाडीने देश उजाड झालाय, द्राक्षवेल गेली, अंजीर गेलं, शेतकरी लाजले, याजक रडताहेत, आणि त्या लोकांना देव म्हणतोय, माझ्याकडे वळा, मी पुन्हा भरून देईन. (२०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळ आले तेव्हा मला पहिल्यांदा योएलच आठवला.) आणि तो 'पहिला पाऊस' म्हणजे मृगाचा नव्हेच. इस्राएलात पावसाळा हिवाळ्यात असतो. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलात, तेव्हा दाणा भरतो. मी जूनमध्ये, यवतमाळात, ऑक्टोबरचा पाऊस धरून बसले होते!

कृषी खातं दर वर्षी कानी-कपाळी ओरडून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते मी ऐकलं नव्हतं, कारण मला वचन मिळालं होतं.

तेव्हापासूनचा नियम, आणि तो तुम्हीही पाळावा असं मला वाटतं: ओवी एकटी उचलायची नाही. तिच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा वाचायच्या. कोण बोलतंय, कुणाशी, कशासाठी, हे बघायचं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी गुलाबाच्या फुलावर छापून आलेलं वचन पुढे ढकलण्याआधी एकदा पुस्तकात उघडून पाहायचं. देव उघडलेल्या पानावरून कधी बोलतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याला तसं बोलायला भाग पाडायचं यंत्र आपल्या बोटात नाही.

भाव

नीतिसूत्रे ३:५ आमच्या जुन्या भाषांतरात असं आहे: "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव." नव्या वाचणाऱ्यांना इथे 'विश्वास' शब्द जास्त कळतो. मला 'भाव'च आवडतो. आमच्या भागात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दुसरा शब्दच कानावर पडत नाही. भाव काय लागला? भाव वाढेल का? घरात कापूस भरून ठेवलाय, अंगाला खाज सुटलीय, पण भावासाठी थांबलोय. त्या भावावर आपण किती भाव ठेवतो! कोणाच्या हातात आहे तो, हे गावात एकालाही सांगता येत नाही, तरी वाट बघतो. माझ्या एका दीरांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "वयनी, देवाचा भाव तरी पडत नाही." ते विनोद करत होते, मी वहीत लिहून ठेवलं.

देवावर भाव ठेवायचा म्हणजे काय नाही, ते आधी सांगते, कारण नवखी माणसं इथे फार घसरतात. पीक विम्याचा फॉर्म न भरणं म्हणजे भाव नव्हे. डॉक्टरकडे न जाणं नव्हे. उत्पत्ती ४१ काढा: योसेफाला देवाने स्वप्नाचा अर्थ दिला, दुष्काळ येणार हे सांगितलं, आणि योसेफाने काय केलं? सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला. देवाचं सांगणं ऐकलं म्हणून तो कामाला लागला.

आणि सगळं बरं होईल असं स्वतःला समजावत राहणंही भाव नव्हे. हबक्कूकाचं पुस्तक तीन अध्यायांचं आहे, शेवटच्या तीन ओव्या वाचा. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरामध्ये आनंद करीन. 'तरी'. ती सगळी यादी करून झाल्यावर तो शब्द येतो. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली त्या वर्षी मी यादी बदलून वाचली. अंजिराच्या जागी पऱ्हाटी, जैतुनाच्या जागी तूर. 'तरी' म्हणायला मात्र मला बरेच दिवस लागले, आणि काही दिवस म्हटलंच नाही. तेही चालतं. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. देवाशी भांडणारी माणसं बायबलात आहेत आणि त्यांची भांडणं खोडून काढलेली नाहीत. प्रार्थनेत गोड बोलता येत नसेल तेव्हा ही स्तोत्रं मोठ्याने वाचा, आपले शब्द शोधावे लागत नाहीत.

आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून १ राजे १९ इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलीया, एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर नुकताच जिंकलेला, राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. विश्वास कुठे गेला तुझा, असंही विचारत नाही. तो झोपतो. देवदूत उठवतो: ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो, वाट तुला फार लांबची आहे. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आधी जेवण आणि झोप. तुमच्या मनात एलीयासारखं काही येत असेल तर हा अध्याय वाचा, आणि त्याच दिवशी कुणाला तरी बोला: घरात, पाळकांना, नाहीतर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरला. तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. आणि शेजारी असा कुणी दिसला तर वचन घेऊन जाण्याआधी भाकर घेऊन जा.

खंड पडला तर

पडणारच. वेचणीत, लग्नसराईत, आजारपणात. राहिलेले अध्याय भरून काढायला बसू नका. आजच्या तारखेचं वाचा आणि पुढे चला.

घरात, सगळ्यांसोबत

एकट्याचं वाचन सुटतं, घराचं टिकतं. रात्री जेवणं झाली की कुटुंब प्रार्थना: एक गीत, थोडं वाचन, प्रत्येकाची एकेक ओळ प्रार्थना. दहा मिनिटांच्या वर नेऊ नका, पोरं झोपतात आणि पुढे त्यांच्यासाठी देव म्हणजे झोप आणणारी गोष्ट होऊन बसते. वाचायचं काम पाळीने द्या. अडखळत वाचणाऱ्याला मध्येच सुधारू नका. आमची धाकटी 'नबुखद्नेस्सर' शब्दाला सरळ 'तो राजा' म्हणून पुढे जाते. जाऊ द्यावं.

वाचता न येणारं माणूस घरात असेल तर त्याला वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून गोष्ट ऐका. आमच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. रूथची गोष्ट त्या माझ्याहून चांगली सांगतात, नामी म्हणजे जणू त्यांची मावसबहीण. त्यांचे प्रश्नही वेगळेच असतात. गेल्या आठवड्यात मार्क चौथ्याचा शेवट वाचला. रात्री नाव समुद्रात, वादळ सुटलेलं, लाटा आत येताहेत, आणि येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवतात, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? मी तयारीत होते, आता विश्वासाबद्दल बोलायचं, वादळ शांत झालं त्याबद्दल बोलायचं. सासूबाई म्हणाल्या, "अन् थे उशी कोनं देल्ली वं त्याले?"

कुणी तरी दिली असणार. दिवसभर लोकांना शिकवून थकलेला माणूस, कुणीतरी मासेमाराने बघितलं आणि डोक्याखाली सारली असेल. मार्काने त्याचं नाव लिहिलेलं नाही. मी पुस्तक उघडं ठेवून पुन्हा बघितलं, ४:३८, उशी आहेच तिथे. वहीत त्या दिवशी तेवढंच लिहिलं, आणि समासात प्रश्नचिन्ह केलं.